नाशिकची लेट हार्वेस्ट वाईन आणि सोबत काय खायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी नाशिकमध्ये एका वाईनरीच्या टेस्टिंग रूममध्ये काम करते आणि घरची बाग मोहाडीच्या बाजूला आहे, त्यामुळे काउंटरवर येणारे प्रश्न आणि बांधावरचे प्रश्न दोन्ही माझ्याकडेच येतात. लेट हार्वेस्टबद्दल लोक फार विचारतात आणि बऱ्याच जणांनी ती चुकीच्या वेळी, चुकीच्या पदार्थाबरोबर प्यायलेली असते म्हणून त्यांना ती आवडलेली नसते, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

लेट हार्वेस्ट म्हणजे नक्की काय? वरून साखर घालतात का?

नाही, साखर घालत नाहीत. हा गैरसमज सगळ्यात जास्त आहे. नेहमीच्या व्हाईट वाईनसाठी द्राक्ष साधारण २१ ते २३ ब्रिक्सला तोडतात, म्हणजे रसात वजनाने तेवढे टक्के साखर. लेट हार्वेस्टसाठी तेच घड वेलीवर अजून तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त ठेवतात. मण्यातलं पाणी उडत जातं, साल सुरकुतते, रंग हिरव्यावरून मधासारखा होतो आणि साखर वाढत वाढत २८ च्या आसपास किंवा पुढे जाते. मग तोडणी.

पुढचं गणित सोपं आहे. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल करतं, लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून १ टक्का अल्कोहोल. आता लिटरमागे ३०० ग्रॅमच्या आसपास साखर असलेला रस घेतला आणि १२ टक्क्यांवर फर्मेंटेशन थांबवलं तर दोनशेच्या वर साखर यीस्टने संपवलेली असते, उरलेली नव्वद-शंभर ग्रॅम वाईनमध्ये तशीच राहते. टाकी एकदम थंड करायची आणि मग बारीक फिल्टरमधून यीस्ट काढून टाकायचं, असं ते थांबवतात. म्हणजे तुम्हाला जो गोडवा लागतो तो द्राक्षाचाच, त्याच घडातला.

पण यासाठी थंड देश लागतो ना? नाशिकमध्ये कसं जमतं?

हा माझा आवडता प्रश्न आहे त्यामुळे उत्तर लांबणार.

युरोपात द्राक्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिकतं, म्हणजे हवा थंड होत जाते तेव्हा. जर्मनीतल्या योहानिसबर्गची गोष्ट सांगतात, की १७७५ साली तोडणीची परवानगी घेऊन येणारा घोडेस्वार उशिरा पोचला, तोवर घड वेलीवर सडायला लागले होते, तरी तोडले आणि त्याची वाईन अप्रतिम निघाली. तिथे लेट हार्वेस्टला श्पेटलेजं म्हणतात, शब्दाचा अर्थच उशिराची तोडणी.

आपल्याकडे चक्र उलटं आहे. नाशिक २० अक्षांशाच्या आसपास, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. इथे वेल थंडीने झोपत नाही, म्हणून वर्षातून दोन छाटण्या करून एकच पीक घेतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा संपता संपता सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घडांसाठीची गोडी छाटणी, आणि वाईनचा माल जानेवारी ते मार्च. घड भरतात ते ऐन थंडीत. निफाडचं तापमान दर हिवाळ्यात पेपरात येतं ते उगीच नाही, तिथे पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो. दिवसा कडक ऊन आणि रात्री गारठा, याने साखर चढते आणि आंबटपणाही टिकून राहतो. खालची जमीन सह्याद्रीच्या बेसॉल्टची, मुरमाड, पाणी धरून ठेवत नाही, आणि पाणी ड्रिपने आपण ठरवू तेवढंच.

लेट हार्वेस्टचा काळ म्हणजे मार्च, कधी एप्रिलची सुरुवात. हवा कोरडी, दुपारी पस्तीसच्या वर तापमान. त्यामुळे आपल्याकडे मणी सडून नाही तर वेलीवरच सुकून गोड होतात, अर्धा मनुका झाल्यासारखे. काही ठिकाणी ज्याच्यासाठी धुकं हवं असतं (ते कसं, ते पुढच्या प्रश्नात) ते आपण उन्हाने करतो. पण हेच ऊन आंबटपणाही जाळतं, त्यामुळे दोन-चार दिवस इकडेतिकडे झाले तरी वाईन नुसती गोड आणि चिकट होते.

आणि आभाळ. मार्चमधला अवकाळी आणि गारपीट नाशिकच्या कुठल्याही बागायतदाराला सांगायची गरज नाही. आम्ही एका वर्षी अर्धा एकर शेनिन, म्हणजे शेनिन ब्लाँ ही वाईनच्या द्राक्षाची जात, लेट हार्वेस्टसाठी ठेवली होती. अण्णा रोज सकाळी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं यंत्र, घेऊन बागेत जायचे, मणी चिमटीत दाबून दोन थेंब काचेवर, झाकण खाली, मग सूर्याकडे तोंड करून डोळ्याला लावायचं, निळी रेघ २६ वर आली होती. मला पण दाखवली. अजून आठ दिवस, असं ठरलं आणि चौथ्या रात्री पाऊस आला, तासभरच, पण सुरकुतलेल्या सालीला तेवढा पुरतो, मणी फुटले आणि तिसऱ्या दिवशी घडाच्या आतून आंबूस वास यायला लागला. पेठ-सुरगाण्याकडची मजुरांची टोळी दुसऱ्या बागेत लागलेली, ती मिळेपर्यंत अजून दोन दिवस. ज्यांना माल द्यायचा होता त्यांनी निम्मे क्रेट गेटवरूनच परत पाठवले. घडाघडाने निवडून जे वाचलं ते वाचलं. त्यानंतर लेटचा ग्लास कोणी अर्धा टाकून दिला की मला त्या क्रेटची आठवण येते.

मग सडलेल्या द्राक्षाची महागडी वाईन असते असं ऐकलंय ते काय?

ती बोट्रायटिस नावाची बुरशी. फ्रान्समधलं सोटर्न, हंगेरीचं टोकाई या त्याच्या वाईन. सकाळी धुकं आणि दुपारी ऊन असं रोज मिळालं तर ही बुरशी सालीला बारीक छिद्रं पाडते, पाणी उडतं, आणि मध-जर्दाळूसारखी वेगळीच चव येते. तीच बुरशी ओल टिकून राहिली तर घड कुजवून टाकते, आमचा मालही ओलीनेच गेला. आइस वाईन अजून वेगळी, तिथे द्राक्ष वेलीवर गोठतं आणि गोठलेलंच दाबतात, कॅनडा आणि जर्मनीत होते. नाशिकची लेट हार्वेस्ट यातली काहीच नाही, ती उन्हात सुकलेल्या द्राक्षाची आहे. उगीच कोणाशी बरोबरी करू नये, तिची चव तिची आहे.

शेनिन ब्लाँच का वापरतात?

(लोक चेनिन ब्लँक पण म्हणतात, काही बिघडत नाही.)

कारण आंबटपणा. ही जात मूळची फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातली, तिथे हिची कोरडीपासून एकदम गोडपर्यंत सगळ्या प्रकारची वाईन होते, दक्षिण आफ्रिकेत तर हिला स्टीन म्हणायचे. बरीच पिकली तरी आंबटपणा सहज सोडत नाही म्हणून आपल्या उन्हात ती टिकते. गोड वाईनला आंबटपणा नसेल तर ती पाकासारखी लागते, दुसरा घोट घ्यावासा वाटत नाही.

नाशिकमध्ये ही जात रुजली ती सुला या वाईन कंपनीमुळे. तिचे संस्थापक राजीव सामंत यांनी १९९७ च्या सुमारास गंगापूर धरणाच्या बाजूला शेनिन ब्लाँ आणि सोविन्यॉन ब्लाँ लावली, २००० साली पहिली वाईन बाजारात आली, २००१ मध्ये सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाईन पार्क झालं आणि मग दिंडोरी, निफाड, इगतपुरी सगळीकडे वाईनच्या बागा दिसायला लागल्या. नाशिक व्हॅली वाईनला जीआय मानांकनही आहे. लेट हार्वेस्टमध्ये सुलाची शेनिन ब्लाँ सगळ्यात सहज दिसते, निफाडकडच्या रेव्हिलो वाईनरीनेही शेनिनचीच लेट हार्वेस्ट काढलेली आहे. दरवर्षी सगळ्यांची निघेलच असं नाही, कारण वर सांगितलं.

आमच्याकडे थॉमसनची बाग आहे, तोच माल उशिरा तोडून वाईन होईल का?

साखर चढेल, पण वाईन फिकी होईल. खायच्या द्राक्षाचा मणी मोठा, साल पातळ, बी नाही, आणि आंबटपणा लवकर उतरतो. चव आणि वास बराचसा सालीत असतो, त्यामुळे वाईनच्या द्राक्षाचा मणी छोटा आणि साल जाड लागते. उशिरा सुकवलेल्या थॉमसनचा बेदाणा छान होतो, त्याचा तोच करावा.

बाटली एवढीशी आणि किंमत एवढी का?

पाणी उडालं म्हणजे वजन उडालं. बागायतदाराला पैसे किलोवर मिळतात आणि लेटला ठेवलेल्या घडाचं वजन निम्म्यापर्यंत येऊ शकतं. त्यात बुलबुल, साळुंक्या, गांधीलमाशा यांना गोड मणी आपल्याआधी कळतो म्हणून जाळी लावा. प्रेसमध्ये टाकल्यावर रस काकवीसारखा संथ उतरतो, तासन्‌तास लागतात.

अजून एक गोष्ट शहरातल्या लोकांना माहीत नसते. माल वेलीवर जास्त दिवस राहिला की एप्रिलची खरड छाटणी लांबते, आणि त्या छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत काडीत पुढच्या वर्षीच्या घडाची तयारी होत असते, त्याला कडक ऊन लागतं. छाटणी लांबली तर नेमकं त्याच वेळी ढगाळ हवा आणि पाऊस येतो आणि पुढच्या हंगामात घडच कमी निघतात. म्हणजे एका बाटलीसाठी शेतकरी दोन वर्षांची रिस्क घेतो. म्हणून ३७५ मिलीची छोटी बाटली असते, आणि एका वेळी ग्लासही साठ मिलीच्या आसपासच ओततात, तेवढं पुरतं.

शुगर आहे, चालेल का?

डॉक्टरांना विचारा, माझ्यासारख्या काउंटरवरच्या बाईला नाही. अंदाज यावा म्हणून सांगते, लिटरला शंभर ग्रॅम साखर धरली तर साठ मिलीमध्ये सहा ग्रॅम, म्हणजे चहाचा सव्वा-दीड चमचा. त्यात अल्कोहोल वेगळं, आणि शुगरच्या काही गोळ्यांबरोबर ते अजिबात जमत नाही. गरोदर बायकांनी घेऊच नये.

सोबत काय खायचं? डेझर्ट वाईन म्हणजे गोडाबरोबरच ना?

डेझर्ट वाईन हे नाव ऐकून सगळे तिथेच चुकतात. एक प्रयोग करा. जिलबीचा एक घास घ्या आणि लगेच लेट हार्वेस्टचा घोट. वाईन लिंबूपाण्यासारखी लागेल, गोडवा कुठे गेला कळणार नाही. मग तोंड धुवा, चार खारे काजू खा आणि परत घोट घ्या, तीच वाईन मधासारखी, जर्दाळूसारखी, पिकलेल्या पपनसासारखी लागेल. पदार्थ वाईनपेक्षा गोड असला की वाईन हरते. खारट, तिखट, स्निग्ध असला की वाईन उजळते. फ्रेंच लोक सोटर्नबरोबर खारट निळं चीज आणि बदकाचं लिव्हर खातात ते याचसाठी, आणि आपल्या स्वयंपाकघरात तर खारट-तिखटाची कमी नाही.

माझी पहिली पसंती अळूवडी. तिच्यात चिंच आहे, गूळ आहे, तीळ आहे, तिखट आहे आणि वरून तळलेली कुरकुरीत, लेट हार्वेस्टमध्ये जे जे आहे त्याला तिच्यात काहीतरी जोडीदार सापडतो. चिंचेला वाईनचा आंबटपणा, गुळाला गोडवा, आणि तळणाचं तेल जिभेवरून उतरतं. गरम वडी आणि एकदम गार वाईन. आमच्याकडे टेस्टिंगला आलेल्या एका आजींना मी हे सांगितलं, त्यांनी वाईन घेतली नाही पण मुलाला म्हणाल्या उद्या करते, आणि पुढच्या रविवारी तो परत येऊन बाटली घेऊन गेला.

मांसाहारी असाल तर कलेजी. कोंबडीची, मिरपूड, लसूण, थोडं तूप, कोरडी परतलेली, मसाला कमी. लिव्हरचा तो जडपणा वाईन उचलून घेते. बटर गार्लिक कोळंबी पण छान. बांगडा, बोंबील असे उग्र वासाचे मासे मला अजिबात जमले नाहीत.

कोथिंबीर वडी, खारी शंकरपाळी, तळलेला उडदाचा पापड, भाजलेले मसाला शेंगदाणे, हे सगळं चालतं. हिरव्या मिरचीचं वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी आम्ही घरी ट्राय केली, गोडवा मिरचीची धग खाली बसवतो आणि वांग्याचा धुरकट वास वाईनबरोबर इतका छान जातो की मी तरी आता ती बाटली भरीत असेल तेव्हासाठीच ठेवते. ठेचा मात्र टोकाला चिमूटभर घ्या, कारण फार तिखटाने अल्कोहोल जास्त जळजळतं. चीजमध्ये निळं चीज मिळालं तर उत्तमच, नाहीतर जुनं चेडर.

बरं, पण गोडात काहीच नाही का चालत?

चालतं, जे मुळात कमी गोड आहे ते. खरवस, पण साखर हात राखून घातलेला, वर वेलची. हा माझ्या मते सगळ्यात चांगला, दुधाचा मऊपणा आणि गार घोट. हापूसच्या फोडी, जरा कडक असतानाच्या. पेरूला तिखट-मीठ लावून. नारळीभात कमी गुळाचा असेल तर.

पुरणपोळी, श्रीखंड, बासुंदी, उकडीचे मोदक यांच्याबरोबर नको. पुरणपोळीला तुपाची धार आणि दूधच हवं, तिच्यात लेट हार्वेस्ट घालून दोघींचं नुकसान होतं. डार्क चॉकलेटलाही ही वाईन पुरत नाही.

मिसळीबरोबर?

नाशिकमध्ये राहून हा प्रश्न रोज येतो. काळ्या मसाल्याची झणझणीत तर्री असेल तर पहिल्या दोन घासांना बरं वाटतं, जीभ शांत होते, पण मसाल्याखाली वाईनचा वास पूर्ण जातो आणि एवढी मेहनतीची वाईन नुसती विस्तव विझवायला वापरल्यासारखं होतं. मिसळीला साधी, किंचित गोडसर शेनिन ब्लाँ घ्या, थंडगार. आणि मिसळ सकाळीच खायची असते, तेव्हा ताक.

किती थंड? कोणता ग्लास?

८ ते १० अंश. घरच्या फ्रिजमध्ये तीन-चार तास आणि ओतायच्या आधी पाच-सात मिनिटं बाहेर. फार गार केली तर वास बंद होतो, कोमट असेल तर नुसतं सरबत. ग्लासात बर्फ नको. ग्लास छोटा, वरून थोडा निमुळता, वाईनग्लास नसेल तर साधा काचेचा चालेल, स्टीलचा नको.

उघडलेली बाटली किती दिवस राहते? आणि न उघडता जुनी करून ठेवता येते का?

उघडलेली, बूच लावून फ्रिजमध्ये, पाच-सहा दिवस आरामात. साखरेमुळे ती साध्या व्हाईटपेक्षा जरा जास्त टिकते. न उघडलेली दोन-चार वर्षं ठेवून बघायला हरकत नाही, रंग सोनेरीवरून तांबूस होतो आणि बेदाण्याची चव वाढते, पण अट एकच, जागा थंड आणि अंधारी पाहिजे. एप्रिल-मेमध्ये नाशिकला चाळीस अंश होतं, त्यात माळ्यावर किंवा ओट्याखाली गॅसजवळ ठेवलेली बाटली एका उन्हाळ्यात संपते. गाडीच्या डिकीत तर दुपारभर पण ठेवू नका. लोक इथून बाटल्या घेतात, मग त्र्यंबकला दर्शनाला जातात, गाडी उन्हात, आणि मुंबईला पोचल्यावर म्हणतात वाईन बेचव निघाली.

वयाची अट?

महाराष्ट्रात वाईनसाठी २१ पूर्ण लागतात. आम्ही ओळखपत्र मागतो, राग मानू नका. आणि चालवणाऱ्याने पिऊ नये, कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम अल्कोहोल इतकी कमी आहे, आणि गंगापूर रोडचा संध्याकाळचा ट्रॅफिक तुम्ही बघितलाच असेल.

बाग बघायला कधी यायचं?

तोडणी बघायची असेल तर फेब्रुवारी. लेटचे घड बघायचे असतील तर मार्चचा पहिला पंधरवडा, सकाळी आठच्या आत. ऊन चढायच्या आधी वाकून बघितलं तर देठाजवळचा मणी आधी सुरकुतलेला दिसतो, टोकाचा अजून टम्म असतो, एकाच घडात. विचारून एक तोडून खा, बी चावून बघा, तपकिरी आणि शेंगदाण्यासारखी कुडुम वाजली म्हणजे पिकली. येण्याआधी फोन करून घ्या, आणि त्या आठवड्यात आभाळ आलेलं असेल तर बागेत कोणाला आता किती दिवस ठेवणार असं विचारू नका.